प्रूफांच्या खोलीतला तिसरा

१

छापखान्याच्या मागच्या अंगाला, कागदाच्या गोदामाला चिकटून, प्रूफं तपासायची खोली होती. खोली कसली, कपाटाला खिडकी फुटावी तशी जागा. एक टेबल, तीन खुर्च्या, दुधी काचेचं दार, आणि खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत, इतकी जवळ की हात बाहेर काढला तर तिची पाठ खाजवता यावी. दोन खुर्च्यांवर समोरासमोर दोन म्हातारे बसत. तिसरी टेबलाच्या कडेला होती, तिच्यावर दोघांच्या छत्र्या आणि डबे बसत.

एकाला सगळे मात्रा म्हणत. उंच, काटकुळा, ओळीच्या डोक्यावर तिरका झुकून बसणारा. दुसरा वेलांटी. त्याच्या पाठीला बाक आलेला आणि मान पुढे वळलेली. दोघांची खरी नावं फक्त पगाराच्या दिवशी लोकांना आठवत.

काम जुन्या पद्धतीचं. वेलांटीने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि मात्राने समोरच्या प्रूफावर बोट ठेवून जुळतं का ते बघायचं. नुसते शब्द वाचून भागत नसे. पानावर असेल ते सगळं तोंडाने म्हणायचं: स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस पुरा. वेलांटीला ही सवय इतकी जडली होती की स्वतःच्या मुलीच्या लग्नात चार शब्द बोलायला उभा राहिला, तर म्हणाला, “पोरी, स्वल्पविराम, सुखी राहा, पूर्णविराम, नवा परिच्छेद.” आणि व्याह्यांकडे वळला.

मालकाचा एक नियम होता. प्रूफं जोडीने तपासायची, आणि जोडी म्हणजे जोडी. “पायातली एक चप्पल तुटली तर दुसरी काय कपाटात जपून ठेवायची?” असं तो म्हणे. म्हणजे दोघांपैकी एक घरी बसला की दुसराही बसलाच. दोघांच्या घरी ह्या पगाराची वाट बघितली जात होती हे खरंच, पण त्याहून खरं म्हणजे सकाळी जेवणाचा डबा घेऊन कुठेतरी जायचं, आणि तिथे आपल्यासमोर कोणीतरी बसलेलं असायचं, हे सुटलं तर उरलेल्या दिवसाचं करायचं काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आणि मात्राला ऐकू येईनासं झालं होतं.

हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. कान एकदम गेले नाहीत, भाडेकरू सामान हलवतो तसे थोडे थोडे गेले. पण वेलांटीचे ओठ त्याला पाठ होते. ओठ बघायचे, प्रूफ बघायचं, पुन्हा ओठ. मराठी पुस्तकाला तेवढ्यावर निभत असे. वाक्य अर्धं कळलं की उरलेलं आपल्या पायांनी घरी येतं.

मग तो कोश आला.

२

कोश म्हणजे एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या आयुष्याची कमाई. इंग्रजीतले जुनाट, कोणी न वापरणारे शब्द, त्यांचे अर्थ आणि त्यांची लॅटिन मुळं, सगळं मराठीत समजावून सांगितलेलं. मालक आधी नको म्हणत होता. “जिवंत शब्दांची पुस्तकं खपत नाहीत बाई, मेलेल्यांची कोण घेणार?” बाईंनी त्याला एकच शब्द सांगितला. पेरेंडिनेट. लॅटिनमध्ये पेरेंदिए म्हणजे परवा, त्यावरून झालेला, अर्थ काम परवावर ढकलणे.

“उद्यावर नाही? थेट परवावर?” मालकाने विचारलं.

“थेट परवावर.”

मालक हरखला. आयुष्यभर तो जे करत आला त्याला लॅटिन कुळ निघालं होतं. त्याने कोश घेतला.

मात्रा मात्र धास्तावला. लॅटिन ओठांवरून कसं वाचणार? पहिले काही दिवस त्याने खोकून, चष्मा पुसून, “जरा परत म्हण” करून ढकलले. आणि मग एका सकाळी, कोश ल ह्या अक्षरापर्यंत आला असताना, त्याला ऐकू आलं.

“लॅटिटंट. अर्थ, दडून बसलेला. लॅटिन लातेरे, स्वल्पविराम, लपणे, ह्यापासून लातितारे, स्वल्पविराम, लपून राहणे. पूर्णविराम.”

कसं ऐकू आलं म्हणाल, तर घासलेल्या पितळेसारखं. अक्षर न् अक्षर वेगळं. मात्राने मान वर केली नाही, डोळ्यांत पाणी आलं होतं ते दिसू नये म्हणून. कान परत आले होते. त्या दिवशी त्याने ओठांकडे एकदाही पाहिलं नाही, आणि पानभर चुका अशा टिपल्या की खिळे जुळवणारा जुळारी विचारायला आला, “आज काय खाऊन आलात?”

संध्याकाळी घरी जाऊन तो ऐटीत खुर्चीवर बसला. थोड्या वेळाने बायको समोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात.

“कितव्यांदा हाक मारतेय मी?”

“मारलीस?”

“शेजारीण येऊन विचारून गेली, कोणाला काही झालं का. घरात तुम्ही, आणि ऐकतं शेजार.”

मात्राने कानाशी चुटकी वाजवून पाहिली. म्हणजे कान फक्त त्या खोलीत परतले होते. त्याने स्वतःची समजूत घातली. खोली लहान, भिंती जवळ, आवाज कुठे जाणार? आणि वेलांटीने नवी कवळी बसवली होती. चांगल्या दातांतून चांगला आवाज येत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्र्या आणि डबे जमिनीवर ओळीने मांडून ठेवलेले होते. तिसरी खुर्ची रिकामी होती.

“तू काढलेस का रे?” मात्राने विचारलं.

वेलांटीने त्याला हाताने विचारलं, तू? दोघांनीही मान हलवली, आणि साफसफाई करणारीच्या नावावर ते खपवून टाकलं.

३

चांगली गोष्ट घडली की माणूस तिच्याकडे फार निरखून बघत नाही. मात्रानेही बघितलं नाही, बरेच दिवस. पण जुनी सवय. एकदा सहज त्याची नजर वेलांटीच्या ओठांवर गेली, आणि तिथे काहीतरी चुकत होतं.

आवाज आधी येत होता. ओठ मागून.

अगदी थोडंसं अंतर. मोठा माणूस पाढा सांगतो आणि पोर मागून म्हणतं, तेवढंच. मात्राने डोळे चोळले. कवळी, त्याने मनात म्हटलं. नवी कवळी सैल आहे, ओठांना वेळ लागतो. पण मग आवाज कोणाच्या दातांतून येतो, हा पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही. काही प्रश्न पाहुण्यांसारखे असतात, दार उघडलं की मुक्कामालाच येतात.

मग कोश ओ ह्या अक्षराला आला. दुपारची जेवणं झालेली, यंत्रं थांबलेली, खोलीत कागदाचा आणि शाईचा जड वास.

“ऑसिटेशन. अर्थ, जांभई. लॅटिन ओस, स्वल्पविराम, तोंड, अधिक कितारे, स्वल्पविराम, हलवणे.”

मात्राने मान वर केली. वेलांटी जांभई देत होता. साधीसुधी नाही, शब्दाला साजेशी, आ वासून, पडजीभ दिसेल अशी. कवळी वरच्या हिरडीवरून सुटून खाली लोंबत होती. आणि त्या उघड्या, अडकलेल्या तोंडासमोर आवाज आपला शांतपणे चालला होता.

“म्हणून तोंड हलवणे, स्वल्पविराम, तोंड उघडून राहणे. पूर्णविराम.”

वेलांटीने तोंड मिटलं, कवळी बसवली, आणि तेच सगळं पुन्हा म्हणायला त्याचे ओठ हलू लागले.

मात्राने प्रूफावर बोट ठेवलं. बोटाखाली एक चूक होती. ती त्याने दुरुस्त केली. दुसरं काय करणार?

४

कोणाला सांगावं, तर काय सांगावं? मला ऐकू येत नाही पण ऐकू येतं? पहिलं म्हटलं की नोकरी जाते, दुसरं म्हटलं की अक्कल. मात्राने तोंड शिवून घेतलं. इकडे प्रूफं इतकी स्वच्छ जायला लागली की मालक स्वतः खोलीकडे फिरकू लागला. तो येतो कधी ते कळत नसे. दुधी काचेवर आधी त्याचं पोट उमटे, मग दार उघडे.

त्या दिवशी क चालू होता, म्हणजे इंग्रजीतला क्यू. “क्विडनंक. अर्थ, नसत्या चौकशा करणारा. लॅटिन क्विद नुंक, स्वल्पविराम, आता काय,” एवढ्यात दार उघडलं आणि मालक म्हणाला, “आता काय चाललंय?”

मात्राला ते दिसलं, ऐकू नाही आलं. मालकाचे ओठ मिशीत होते, तरी चेहरा विचारत होता. वेलांटी हसायला लागला. मालकाला हसण्याचं कारण कळलं नाही, पण त्याचं काम वेगळंच होतं. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि तिसऱ्या खुर्चीकडे बोट केलं. मात्रासाठी तो जरा मोठ्याने, सावकाश बोलला, तेव्हा ते ओठांवरून कळलं.

“तिसरा कोण ठेवलाय तुम्ही?”

“कुठला तिसरा?” वेलांटी म्हणाला.

“बाहेरून काचेतून तीन डोकी दिसतात. रोज दिसतात. मदतीला कोणाला घेतलं असेल तर घ्या, मला काही नाही. पण पगार दोनच मिळतील. आपसात काय वाटून घ्यायचं ते घ्या.”

तो गेला. मात्रा त्या खुर्चीकडे बघत राहिला. साधी लाकडी खुर्ची, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. मालकाला आकडे जास्तच दिसतात, त्याने मनात म्हटलं, धंद्यातला माणूस आहे.

पण खुर्ची टेबलापासून जरा मागे सरकलेली होती. माणूस मांडीवर कागद घेऊन बसला की सरकते, तेवढीच.

५

मग र आलं, आणि पाणी डोक्यावरून गेलं.

“रेलिक्ट. अर्थ, विधवा. लॅटिन रेलिंक्वेरे, स्वल्पविराम, मागे सोडून जाणे, ह्यापासून रेलिक्ता, स्वल्पविराम, मागे राहिलेली. पूर्णविराम.”

मात्राने बोट पुढे सरकवलं. प्रूफावर शब्द संपला होता. पुढे पांढरी जागा, मग नवा शब्द. पण आवाज थांबला नाही.

“वापर, अपूर्णविराम. जोडीतला एक. पूर्णविराम.”

मात्राने वेलांटीकडे बघितलं. थोडं मागून, नेहमीसारखे, त्याचे ओठ हलले: वापर, अपूर्णविराम, जोडीतला एक, पूर्णविराम.

“थांब,” मात्रा म्हणाला. “हे पानावर नाही.”

“नाही?”

“तुझ्याकडच्या कागदावर आहे का बघ.”

वेलांटीने कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ. मग खाली ठेवला.

“असेल,” तो म्हणाला. “तू सांगितलंस म्हणून मी म्हणालो.”

मात्राला वाटलं ओठ चुकीचे वाचले. “काय म्हणालास?”

वेलांटीने मान आणखी खाली घातली. मग वर केली आणि सावकाश, ओठ मोठे करून बोलला. “हे बघ. मला दिसत नाही. केव्हापासून नाही ते विचारू नकोस. ओळ म्हणजे मुंग्यांची रांग दिसते. मराठी असलं की अंदाजाने लोटत होतो. हे लॅटिन आलं तेव्हा म्हटलं, आता बसलो घरी. पण तू समजून घेतलंस. हळू आवाजात आधी सांगतोस, मी मोठ्याने म्हणतो. मालकाला कळू दिलं नाहीस, मला बोलूनसुद्धा दाखवलं नाहीस. मी घरी बायकोला म्हटलं, असा मित्र मिळायला भाग्य लागतं.”

मात्राने प्रूफ बाजूला ठेवलं.

“मी सांगत नाही,” तो म्हणाला.

“आता कशाला लाजतोस?”

“लाजत नाही. मी कसा सांगेन? मला वाटत होतं तू वाचतोस. मला ऐकू येत नाही, वेलांटी. मी ठार बहिरा आहे.”

“मग मी बोलतोय ते कसं कळतंय?”

“ओठांवरून.”

“आणि वाचलेलं?”

“ते ऐकू येतं.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एकाला समोरचा धूसर दिसत होता आणि दुसऱ्याला समोरच्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. बाहेर यंत्र सुरू झालं असावं, कारण टेबल थरथरलं.

“तुला आवाज कुठून येतो?” मात्राने विचारलं.

“माझ्या डाव्या हाताकडून. मला वाटायचं तू तोंड तिकडे वळवून बोलतोस, कोणाला दिसू नये म्हणून. तुला?”

“उजव्या हाताकडून.”

समोरासमोर बसलेल्या माणसांत एकाचा डावा तो दुसऱ्याचा उजवा. हे कळायला लॅटिन लागत नाही. दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

६

तुम्ही म्हणाल, मग ते पळाले असतील. पळाले नाहीत. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, असते हो, पण ती जरा मागच्या खुर्चीवर बसते.

आधी त्यांनी कारणं शोधली. पाण्याचा नळ असेल. शेजारच्या इमारतीत कोणी शिकवणी घेत असेल. वेलांटीने भिंतीला कान लावला आणि मात्राने खिडकीतून डोकं बाहेर काढून बघितलं. भिंतीत नळ नव्हता, शेजारच्या इमारतीला ह्या बाजूने खिडकी नव्हती. आणि शिकवणी घेणारा स्वल्पविराम कशाला म्हणेल?

“प्रूफं तपासणारंच कोणीतरी आहे,” वेलांटी म्हणाला.

“होतं,” मात्रा म्हणाला.

“गप रे.”

मग त्यांनी हिशेब केला. कोश संपायला थोडी अक्षरं उरली होती. आवाजाने वाईट असं काही केलं नव्हतं. चुका काढायला मदतच करत होता. “आपण काय चोरी करतोय?” वेलांटी म्हणाला. “काम करतोय. दोघं काय, तिघं काय.” मग त्याची पंचाईत झाली ती वेगळीच. “त्याला अरे म्हणायचं का अहो?”

“म्हणायचंच कशाला?”

“इतके दिवस फुकट काम करतोय. माणुसकी आहे की नाही?”

आणि त्याने चहाचा एक पेला त्या बाजूला सरकवला, वर न बघता, आंधळ्यानेच सरकवावा तसा. स ह्या अक्षराचं पहिलं पान संपेपर्यंत पेला रिकामा झाला होता. मात्राने वेलांटीवर आळ घेतला, वेलांटीने मात्रावर. दोघांनाही डॉक्टरने साखर बंद केली होती, त्यामुळे दोघांचाही दुसऱ्यावर विश्वास बसेना, आणि त्या भांडणात दुपार बरी गेली.

पण स मध्ये एक शब्द आला, ससरेशन. अर्थ, कुजबुज. लॅटिन सुसुर्रुस. तो म्हणताना आवाज पहिल्यांदाच हळू झाला, आणि मात्राच्या कानाच्या पाळीला गार वारा लागला. खिडकी बंद होती. ट मध्ये आला टर्जिव्हर्सेट: तेर्गुम म्हणजे पाठ, वेर्तेरे म्हणजे वळवणे, पाठ फिरवून निसटू बघणे. तिथे आवाज थांबला. नुसता थांबला. कोणी उत्तराची वाट बघतं तसा.

“आम्ही कुठे जात नाही,” वेलांटी हळूच म्हणाला.

मग आवाज पुढे गेला.

त्या संध्याकाळी चपला घालताना मात्राने विचारलं, “ते जोडीतला एक म्हणालं ना. कोण मागे राहणार, तू का मी?”

“मी पुढे गेलो तर तू राहशील. तू गेलास तर मी.”

“ते मलाही कळतं.”

“मग विचारलंस कशाला?” वेलांटी म्हणाला, आणि मात्राची बाही धरून जिना उतरला. रोज धरायचा. मात्राला इतके दिवस वाटत होतं, मैत्री आहे म्हणून धरतो.

७

व्ही चालू होता तेव्हा बायकोने मात्राला बळेच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने आत दिवा घालून पाहिलं, घंटा वाजवल्या, आणि कागदावर लिहून दाखवलं: फार उशीर केलात. बायकोने तो कागद वाचला आणि दवाखान्याच्या बाकावर नवऱ्याच्या शेजारी बसली. ह्या खेपेला ती ओरडली नाही.

“मला आधी का नाही सांगितलंत?” तिचे ओठ म्हणाले. “मी आपली ओरडतेय.”

“तू ओरडायचीस ते छान दिसायचं,” मात्रा म्हणाला.

त्या सगळ्यात ऊन डोक्यावर आलं. तो छापखान्यात पोचला तेव्हा त्याला एकच काळजी होती, वेलांटी एकटा बसून काय करत असेल.

दुधी काचेपाशी तो थांबला.

आत दोन डोकी होती. एक वाकलेलं, मान पुढे वळलेली. दुसरं त्याच्या समोर, उंच, काटकुळं, टेबलावर तिरकं झुकलेलं. काच जाड होती, चेहरा दिसत नव्हता. पण आपल्या खुर्चीत आपण कसे बसतो हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. एवढा कललेला खांदा, कोपर असं बाहेर, कानावर पेन. मात्राने नकळत आपल्या कानाला हात लावला. पेन तिथे होतं.

आतून आवाज येत होता. पितळेसारखा.

“व्हिकेरियन. अर्थ, धर्मगुरू. लॅटिन विकारिउस, स्वल्पविराम, दुसऱ्याच्या जागी बसणारा, स्वल्पविराम, बदली.”

इथे आवाज थांबला. काचेतलं उंच डोकं प्रूफावरून वर आलं, आणि हळूहळू दाराकडे वळलं. दाराशी कोणी उभं असलं की आपण वळवतो, तसंच.

मात्राच्या पायांनी परतीची वाट धरली होती. ते दोन पावलं गेलेसुद्धा. पण आत वेलांटी होता, आणि वेलांटीला दिसत नव्हतं.

त्याने दार ढकललं.

वेलांटी एकटा बसला होता, कागद हातात, चेहरा प्रसन्न. समोर मात्राची खुर्ची मागे सरकलेली. प्रूफावर दुरुस्त्या होत्या, शाई अजून ओली, आणि अक्षर मात्राचं होतं. त्याची ती अर्धवट गाठ मारलेली खूणसुद्धा.

“आलास?” वेलांटी म्हणाला. “बाहेर जायचं तर सांगून जावं. मी आपला वाचतोय.”

“मी आत्ता येतोय.”

“आत्ताच तर गेलास.”

“सकाळपासून मी दवाखान्यात होतो. बायकोला विचार.”

वेलांटीच्या हातातला कागद खाली आला.  मग तो म्हणाला, “तरीच. आज एकदाही ‘काय’ म्हणाला नाहीस.”

“बोलला का तो काही?”

“हं, पुढे. हं, पुढे. तू म्हणतोस तसंच.” वेलांटीने कागद टेबलावर ठेवला. “आणि मघाशी एकदा म्हणाला, दमलास तर ऊठ. पुढचं मी एकटा बघतो.”

मात्राने आपल्या खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. ती ऊबदार होती.

त्याने तिसऱ्या खुर्चीकडे बघितलं नाही. त्याने टेबलाला वळसा घातला, वेलांटीच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं. “चल.”

“कोश थोडाच राहिलाय.”

“राहू दे. मालकाकडे जाऊ आणि खरं सांगू.”

“नोकरी जाईल.”

“दोघांची जाईल,” मात्रा म्हणाला. “एकदम.”

८

मालकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पाण्याचा घोट घेतला.

“एकाला ऐकू येत नाही हे मला केव्हाचं माहीत आहे. मी ह्यांना मागून विचारलं होतं, पगार वाढवून देऊ का. ह्यांनी मान वर केली नाही. तेव्हाच ओळखलं.” मात्राला हे वेलांटीने त्याच्याकडे तोंड करून पुन्हा सांगितलं. मात्राला कानांचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

“आणि मला दिसत नाही ते?” वेलांटीने विचारलं.

“परवा तुम्ही माझ्या कोटाला नमस्कार केलात. मी कोटात नव्हतो.”

“मग आम्हाला ठेवलंत कशाला?”

“प्रूफं बरोबर येत होती.”

“एक बहिरा आणि एक आंधळा, प्रूफं बरोबर कशी येतात, हा प्रश्न नाही पडला तुम्हाला?”

“चांगल्या चाललेल्या कामाला प्रश्न विचारू नये,” मालक म्हणाला. “धंदा बसतो.” त्याने दोघांचा हिशेब करून दिला, थोडे वरचेही दिले, आणि उठून उभा राहिला. त्याच्या मनात काहीतरी घोळत होतं. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा त्याने ते विचारलं, खालच्या आवाजात.

“तुम्ही जाताय ते ठीक. तो राहील ना?”

“कोण?”

“तिसरा. तसा पगार मागत नाही म्हणून विचारलं.”

वेलांटी चपला चाचपू लागला. मात्राने ओठ वाचले होते, पण बहिऱ्याला बहिरेपणाचा कधीतरी फायदा होतो. तो पुढे चालू लागला.

बाहेर लख्ख ऊन होतं. दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. समोरून गाड्या, सायकली, हातगाड्या, सगळ्या दिशांनी सगळं चाललेलं. वेलांटीने मात्राची बाही धरली, ह्या खेपेला उघडपणे, घट्ट.

“मी ऐकतो, तू बघ,” वेलांटी म्हणाला. “दोघांत मिळून एक धड माणूस होतो आपण. उद्यापासून सकाळी माझ्याकडे येत जा. डबा घेऊन. बायकोला सांगतो, कामच आहे म्हणून.”

“काम कुठलं?”

“तू पेपर धर. मी चुका ऐकतो.”

मात्रा हसला. कितीतरी दिवसांनी त्याची छाती हलकी झाली. जोडी मोडली नव्हती. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, एक मोठी गाडी जाऊ दिली, आणि पाऊल उचलणार तोच त्याच्या दुसऱ्या कोपराला, रिकाम्या बाजूच्या, कोणीतरी हात लावला. हलकेच. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला मदत करताना लावतात तसा. हाताला शाईचा वास होता.

मात्राने वेलांटीकडे बघितलं. वेलांटी तोंड किंचित उघडं ठेवून, मान कलती करून काहीतरी ऐकत होता. मग त्याने मान डोलावली, ऐकलेलं पटलं तशी, आणि मात्राच्या दंडाला हळूच ओढ दिली. आता चला.

रस्ता रुंद होता आणि गाड्या फार होत्या. तरी तिघंही नीट पलीकडे गेले.